वेल आणि फांटा : पंडिता रमाबाईंच्या चरित्रांतील एक पान

आजच्या भाषणाचा विषय मीं इतिहासांतून निवडला आहे. परंतु त्याचा आरंभ एका द्राक्षमळ्यापासून करणें मला सोयीचें वाटतें. नाशिककडे ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांनीं द्राक्षांचे मांडव पाहिले असतीलच. आपल्याकडे द्राक्षवेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एक एप्रिलच्या सुमारास. तिला खरड छाटणी म्हणतात. दुसरी ऑक्टोबरच्या सुमारास, ती फळछाटणी. घड दृष्टीस पडतो तो ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. म्हणून नवख्या माणसास वाटतें कीं, तो तेव्हांच धरला. जाणता बागाईतदार मात्र सांगतो कीं, घडाचा निश्चय त्यापूर्वींच कित्येक महिने होऊन गेलेला असतो. एप्रिलनंतर फुटलेली कोंवळी काडी वेलीच्या अंगचा रस घेत वाढत असते आणि त्याच दिवसांत तिच्या डोळ्यांच्या आंत पुढच्या घडांची घडण होते. त्या वेळीं बाहेरून पानांवांचून कांहीं दिसत नाहीं. पुढें ऑक्टोबरांत जें उघड होतें तें या न दिसणाऱ्या काळाचें फळ होय.

योहानकृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत प्रभु येशूनें शिष्यांस द्राक्षवेलीचाच दाखला दिला आहे. प्रसंग त्याच्या मरणापूर्वीच्या रात्रीचा आहे. तेथें त्यानें आपणांस वेल म्हटलें, शिष्यांस फांटे म्हटलें आणि पित्यास माळी म्हटलें. फांटा वेलीला जडून राहिला तर त्याला फळ येतें. वेलीपासून तुटला तर त्याच्या हातून कांहींच व्हावयाचें नाहीं, असा त्या बोलण्याचा भावार्थ आहे. पुढें त्याच अध्यायांत फळ देण्याची गोष्ट निघते खरी. पण शिष्यांस पहिली आज्ञा झाली ती राहण्याची. हा क्रम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आलों आहें. माझे आईबाप ख्रिस्ती, गांवच्या मंडळीचे सभासद. त्यामुळें उपासनेंत तो कितीदां कानांवर पडला याची गणती नाहीं. पण कानांवर पडणें निराळें आणि मनांत उतरणें निराळें. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा देऊन शाळामास्तर झालों आणि जन्मभर मुलांस इतिहास शिकविला. मास्तराच्या धंद्यांत फळ मोजण्याची संवय जडते. वर्षअखेर निकालाचा तक्ता लागला कीं त्यावरून मास्तराची किंमत ठरते. हीच संवय मी मंडळीच्या कामांतही घेऊन गेलों. रविवारच्या शाळेची हजेरी, वर्गणीची बेरीज, सणासुदीच्या कार्यक्रमांची संख्या, यांचे अहवाल मीं वर्षानुवर्षें नीटनेटके लिहिले. त्यांत बेरजेची एकही चूक सांपडावयाची नाहीं. परंतु ते लिहीत असतां महिनेच्या महिने मीं दहा मिनिटेंही स्वस्थ बसून प्रार्थना केली नव्हती, ही गोष्ट त्या अहवालांत नाहीं. निवृत्तीनंतर हजेरीपट हातांतून गेले, आणि आतां आपल्या हातून फळ तें कसलें येणार, या विचारानें मन खिन्न झालें. अशा वेळीं पंडिता रमाबाईंनीं इ. स. १९०७ मध्यें लिहिलेलें आत्मनिवेदन वाचण्यांत आलें आणि त्यांतील एका कबुलीपाशीं मी थांबलों. ती कबुली कोणती व तिचा परिणाम काय झाला, हें सांगण्यासाठींच आजचें हें भाषण आहे.

रमाबाईंचें पूर्वचरित्र बहुतेकांस ठाऊक आहे, म्हणून तें थोडक्यांत सांगतों. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटाच्या अरण्यांत, गंगामूळ या ठिकाणीं झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविलें आणि त्या माउलीनें आपल्या मुलीस. पुढें हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं हिंडत राहिलें. दुष्काळाचे दिवस आले. अन्नान्नदशा होऊन इ. स. १८७४ मध्यें वडील वारले, पाठोपाठ आई आणि वडील बहीणही गेली. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवास पायीं फिरत फिरत इ. स. १८७८ मध्यें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. नंतर भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं विवाह झाला, कन्या मनोरमा झाली आणि दोन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच वैधव्य आलें. इ. स. १८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, हंटर कमिशनपुढें स्त्रीशिक्षणाविषयीं साक्ष दिली आणि पुढच्याच वर्षीं वैद्यक शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या. कान अधू होत चालल्यामुळें तो हेतु मात्र सिद्धीस गेला नाहीं.

इंग्लंडांत वाँटेज येथील धर्मभगिनींकडे त्या राहिल्या होत्या. त्या भगिनींनीं त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथील आपलें एक घर पाहावयास पाठविलें. वाटेवरून घसरलेल्या स्त्रियांस तेथें आश्रय देत असत. त्या स्त्रियांशीं भगिनी ज्या ममतेनें वागत होत्या ती पाहून रमाबाई चकित झाल्या. अशा बायकांस समाजानें दूर लोटावें, हेंच त्यांनीं सर्वत्र पाहिलें होतें. ही ममता कोठून आली, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां एका भगिनीनें विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीची व येशूची भेट वर्णन करणारा अध्याय त्यांस वाचून दाखविला. रमाबाईंच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. रमाबाईंनीं आधीं फळ पाहिलें आणि तें पाहून वेलीचा शोध घेतला. परंतु त्या काळांत त्यांच्या हातीं आलें तें काय? त्या बुद्धीनें तीक्ष्ण होत्या, शास्त्रार्थांत वाढलेल्या होत्या. बाप्तिस्म्यानंतरचीं वर्षें त्यांनीं निरनिराळ्या पंथांचीं मतें तोलण्यांत घालविलीं. वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यांत धर्मसिद्धांतांवर कडाक्याचा वाद आहे. कोणाच्याही अधिकारापुढें विचारावांचून मान लवविण्यास त्या तयार नव्हत्या. हें त्यांच्या स्वभावाला साजेसेंच होतें व त्यांत गैर कांहीं नाहीं. इ. स. १८८६ मध्यें आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, आणि त्यांच्या कार्यास दहा वर्षें साहाय्य देण्यासाठीं बोस्टन येथें एक मंडळ स्थापन झालें. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदा सदन सुरू झालें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. बालविधवांस तेथें अन्न, वस्त्र, विद्या आणि मान मिळूं लागला. पुढें महर्षि कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई या त्या सदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी.

बाहेरून पाहणाऱ्यानें म्हटलें असतें कीं, हा मांडव घडांनीं लगडला आहे. आणि नेमक्या याच काळाविषयीं रमाबाईंची ती कबुली आहे. त्या सांगतात त्याचा आशय असा कीं, बाप्तिस्म्यास आठ वर्षें होऊन गेल्यावर आपणांस कळून आलें, आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला आहे, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त तो सांपडलेला नाहीं. इ. स. १८९१ च्या सुमाराची ही गोष्ट. हॅस्लम नांवाच्या एका इंग्रज उपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचण्यांत आलें. हा गृहस्थ धर्मगुरूचें काम करीत असतां मनानें कोरडाच होता व पुढें पालटला. तें वृत्त वाचून रमाबाई अंतर्मुख झाल्या. मतें तोलणें थांबवून त्या एका व्यक्तीपाशीं जाऊन बसल्या, असें म्हटलें तर चालेल. आपण आहों तशाच आपला स्वीकार होतो, योग्यता मिळवून मग जवळ जावयाचें नसतें, हें त्यांस तेव्हां उमगलें आणि त्यांच्या जिवास स्वस्थता लाभली.

माझ्यासारखा इतिहासाचा मास्तर येथें एक शंका घेईल, आणि ती घेतलीच पाहिजे. मग इ. स. १८९१ पूर्वीं जें झालें तें फळ नव्हतें काय? हंटर कमिशनपुढची साक्ष, तो ग्रंथ, शारदा सदन, आनंदीबाईंसारखी विद्यार्थिनी, हीं काय नुसतीं पानें? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. परोपकार कोणाच्याही हातून घडला तरी तो परोपकारच होय. धर्मांतर न केलेल्या कित्येक थोर पुरुषांनीं त्याच काळीं पुण्यांत स्त्रियांसाठीं जिवापाड श्रम केले, हें आपण जाणतों. मला जो फरक दिसतो तो निराळा आहे. आधींच्या कार्यास रमाबाईंनीं आपल्या बुद्धीनें व धैर्यानें एक मर्यादा आंखली होती: उच्चवर्णीय विधवा, शिकण्याजोग्या मुली, ठराविक संख्या, दहा वर्षांची देणगी. नंतरच्या कार्याची मर्यादा त्यांच्या हातीं राहिली नाहीं. कोणास जवळ करावें हें त्यांनीं ठरविण्याऐवजीं, जें कोणी दारीं आलें त्यास जवळ करण्याचें बळ त्यांना मिळत गेलें. ख्रिस्ताच्या सान्निध्यानें माणूस अधिक काम करतो कीं नाहीं, हें मी सांगूं शकत नाहीं. तो अधिक माणसांस स्पर्श करूं शकतो, एवढें मात्र या चरित्रावरून दिसतें.

परंतु हें लगेच घडलें नाहीं. इ. स. १८९१ नंतर आधीं आली ती छाटणी. शारदा सदनांत धर्माच्या बाबतींत सक्ती करावयाची नाहीं, असें वचन होतें. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून पुण्यांत मोठा वाद माजला. मुलींचें मन वळविलें जात आहे, असा आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूसही तथ्य होतें. कारण ज्या घरांनीं विश्वासानें मुली पाठविल्या होत्या त्यांस धक्का बसणें साहजिक होतें. इ. स. १८९३ मध्यें न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं आपला संबंध तोडला आणि अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या. ज्या शहरानें दहा वर्षांपूर्वीं त्यांस डोक्यावर घेतलें होतें तेथें त्या एकट्या पडल्या. त्यांनीं दार लावून घेतलें असतें तर सदनाची संख्या राखतां आली असती. त्यांनीं तें उघडेंच ठेवलें. पुढचीं तीन वर्षें सांगण्यासारखें मोठें कांहीं घडलें नाहीं. प्रार्थना, शिकविणें, राहिलेल्या मुलींचें संगोपन, एवढेंच चालू होतें. काडीच्या डोळ्यांत घडांची घडण होण्याचा काळ तो हाच, असें मला वाटतें.

याच सुमारास रमाबाईंनीं पुणें-दौंड लोहमार्गावर केडगांवजवळ जमीन घेतली होती. अमेरिकेंतील मंडळाची दहा वर्षांची मुदत इ. स. १८९८ मध्यें संपावयाची होती. त्यानंतर सदन स्वतःच्या उत्पन्नावर चालावें म्हणून तेथें फळबाग लावावयाचा त्यांचा बेत होता. हिशेब चोख होता. झाडें लागतील, फळें विकूं, पैसा येईल. पण इ. स. १८९६ अखेर मध्य प्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. ती बातमी ऐकतांच रमाबाईंस आपले आईबाप आठवले. दुष्काळांत अन्नावांचून पाय ओढीत चालणें कसें असतें, हें त्या जगून चुकल्या होत्या. जवळ पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या गेल्या. तेथील अनाथगृहांची दशा आणि तरुण मुलींवर टपलेले दुष्ट लोक पाहून त्या स्वस्थ बसूं शकल्या नाहींत. हाडांचे सांपळे झालेल्या, खरजेनें व उवांनीं भरलेल्या, शिव्यांखेरीज दुसरी भाषा न जाणणाऱ्या मुली त्यांनीं गोळा करून आणल्या. त्यांत सर्व जातींच्या होत्या. पुण्यांत त्याच वेळीं प्लेग शिरला होता. एवढी माणसें शहरांत ठेवण्यास सरकारी मनाई झाली. तेव्हां या मुलींस केडगांवच्या रानांत नेऊन झोंपड्यांतून ठेवावें लागलें. फळबागेसाठीं घेतलेल्या जमिनीवर अशा रीतीनें मुक्तिसदन उभें राहिलें. शंभर झाडांच्या जागीं शेंकडों मुली आल्या. पुढें इ. स. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतूनही मुली आल्या आणि त्या वेळीं मुक्तींतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरांत गेली.

या दोन हजार जिवांच्या पोटाची व्यवस्था कशी होत असेल याची कल्पना करावी. विणकाम, तेलाचा घाणा, गाईगुरें, शेती, शिवण, छापखाना, पुस्तकबांधणी, हीं सारीं कामें स्त्रियाच करीत. आंधळ्या स्त्रियांस बोटांनीं वाचावयास शिकवीत. आणि याच आवारांत ‘कृपासदन’ नांवाचें एक घर होतें. समाजानें टाकलेल्या, वाममार्गास लागलेल्या वा लावलेल्या स्त्रियांसाठीं तें होतें. श्रोते हो, फुलहॅमचें तें घर आठवा. इ. स. १८८३ मध्यें रमाबाई तेथें पाहुणीसारख्या उभ्या होत्या आणि ही ममता कोठून येते, असें विचारीत होत्या. सोळा-सतरा वर्षांनंतर तसें घर त्यांच्या अंगणांत होतें. नुसत्या अनुकरणानें तें व्हावयाचें असतें तर इंग्लंडांतून परततांच झालें असतें. मधल्या काळांत जें व्हावयास पाहिजे होतें तें इ. स. १८९१ मध्यें झालें.

एवढ्या मोठ्या संसारांत प्रार्थनेस वेळ कोठला, असें आपण म्हणूं. रमाबाईंचा अनुभव उलट होता. काम वाढलें तशी त्यांची प्रार्थनाही वाढली. इ. स. १९०५ च्या जानेवारींत त्यांनीं मुक्तींतील स्त्रियांस रोज एकत्र जमून प्रार्थना करण्याविषयीं विचारलें. सुमारें सत्तर जणी पुढें आल्या आणि जूनपर्यंत हा आंकडा कित्येक पटींनीं वाढला. जूनच्या अखेरीस तेथें जो मोठा धर्मजागृतीचा प्रसंग झाला त्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. रडणें, पापें कबूल करणें, मोठ्यानें प्रार्थना करणें, असे प्रकार त्यांत झाले व त्यांवर टीकाही झाली. भावनेचा पूर किती व आत्म्याचें कार्य किती, हें ठरविण्याचा अधिकार माझा नव्हे. मी मास्तराच्या दृष्टीनें एवढेंच पाहतों कीं, ज्या मुलींस आठ-नऊ वर्षांपूर्वीं शिव्यांखेरीज भाषा येत नव्हती अशांपैकीं कित्येक जणी टोळ्या करून भोंवतालच्या खेड्यांत लोकांच्या भेटीस जाऊं लागल्या. फांट्यास फांटा फुटावा तसें हें झालें.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांतील काम याहून शांत आहे आणि मला तें सर्वांत मोठें वाटतें. पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर तेव्हां उपलब्ध होतें; पण मुक्तींतील खेडवळ, अल्पशिक्षित बायकांस तें कठीण जाई. रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून मूळावरून सोप्या मराठींत सबंध शास्त्र उतरविण्याचें काम अंगावर घेतलें. विचार करा. जिची संस्कृत वाणी ऐकून कलकत्त्याचे पंडित थक्क झाले, ती विदुषी आयुष्याच्या शेवटीं संस्कृत शब्द वगळून, दळण दळणाऱ्या बाईस कोणता शब्द कळेल याचा शोध करीत बसली होती. विद्वत्तेचा त्याग म्हणतात तो हा. खिळे जुळविणें, छापणें, बांधणें, हें सर्व मुक्तींतील स्त्रियांनींच केलें. इ. स. १९२१ मध्यें त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा वारली. आईबाप, बहीण, भाऊ, पति आणि शेवटीं एकुलती एक कन्या. माळ्याच्या सुरीनें या फांट्यावर इतक्या वेळां घाव घातला. तरी भाषांतराचें काम थांबलें नाहीं. तें पुरें करूनच ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांनीं देह ठेविला. तो छापील ग्रंथ इ. स. १९२४ मध्यें लोकांच्या हातीं आला. रमाबाईंनीं तो पाहिला नाहीं.

रमाबाईंसारखी विलक्षण स्त्री एखादीच असते, तिच्यावरून सर्वांस नियम कसा लागू करावा, असें कोणी म्हणेल. म्हणून दुसरा एक साक्षी थोडक्यांत उभा करतों. कवि नारायण वामन टिळक यांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या अभंगांनींच आपणांस ख्रिस्ताच्या पायांपर्यंत आणलें, असें ते मानीत. पुढें अहमदनगरास, ज्यास आतां अहिल्यानगर म्हणतात, त्यांनीं मिशनच्या सेवेंत राहून अनेक वर्षें काम केलें. त्यांचीं भजनें व अभंग आजही मराठी मंडळ्यांत गाइले जातात. कीर्ति होती, पगार होता, मान होता. तरी आपल्या गुरूच्या आणि आपल्या मध्यें कांहीं उरलें आहे, असें त्यांस वाटत राहिलें. इ. स. १९१७ मध्यें, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनीं पगाराची नोकरी सोडली, साताऱ्यास राहिले आणि ‘देवाचा दरबार’ नांवाची एक बंधुता उभारली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, जे कोणी ख्रिस्तास गुरु मानतील त्या सर्वांस तेथें जागा होती. दोनच वर्षांत, इ. स. १९१९ मध्यें, ते वारले आणि दरबार फारसा टिकला नाहीं. अहवाल लिहिणारा या प्रयोगास अपयश म्हणेल. पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाहा. पतीच्या धर्मांतरानें ज्यांच्यावर आकाश कोसळलें होतें, ज्यांनीं कित्येक वर्षें सोंवळें सोडलें नाहीं आणि इ. स. १९०० मध्यें आपल्या मनानें बाप्तिस्मा घेतला, त्या अल्पशिक्षित बाईनें पतीचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ हें काव्य पुढें पुरें केलें. इ. स. १९३६ मध्यें त्या निवर्तल्या आणि १९३८ मध्यें तें प्रसिद्ध झालें. कोणाच्या राहण्याचें फळ कोणत्या काडीवर व कोणत्या साली दिसेल, हें आपणांस आधीं सांगतां येत नाहीं.

आतां आवरतें घेतों. माझ्यापुढें जो प्रश्न होता तो माझ्यासारख्या पुष्कळांपुढें असेल. नोकरी संपली, मुलें दूर गेलीं, सभासमारंभांत आतां कोणी विचारीत नाहीं. मग आपल्या ख्रिस्ती जीवनाला फळ तें काय? रमाबाईंचें चरित्र वाचल्यावर मला कळून चुकलें कीं, मी प्रश्नच उलटा विचारीत होतों. मीं जन्मभर घड मोजले; काडी वेलीस जडलेली आहे कीं नाहीं, हें पाहिलें नाहीं. नीटनेटक्या अहवालांच्या त्या वह्या अजून माझ्या कपाटांत आहेत. त्या मीं फाडल्या नाहींत. त्यांतलें काम खोटें नव्हतें. मात्र हल्लीं पहांटे उठून मी एक अध्याय सावकाश वाचतों आणि कांहीं वेळ नुसता बसून राहतों. प्रथम प्रथम दहा मिनिटेंही जड गेलीं. मन हजेरीपट शोधीत असे. आतां तसें होत नाहीं. यांतून काय निष्पन्न झालें, असें आपण विचाराल तर सांगण्यासारखें फार थोडें आहे. आमच्या आळींत एक म्हातारा एकटा राहतो; त्याच्याशीं माझें पंधरा वर्षें बोलणें नव्हतें. कारण क्षुल्लक होतें आणि दोष निम्मा माझा होता. एका सकाळीं वाचन आटोपल्यावर मी त्याच्या दारीं गेलों. आतां त्याला दिसत नाहीं, म्हणून रोज संध्याकाळीं मी त्यास वर्तमानपत्र वाचून दाखवितों. हें कोणत्याही अहवालांत यावयाचें नाहीं.

केडगांव पुण्याहून फार दूर नाहीं. दौंडकडे जाणारी गाडी तेथें थांबते, आणि रमाबाईंनीं लावलेलें मुक्तीचें काम तेथें आजही चालू आहे. आपणांपैकीं कोणास जाणें जमलें तर अवश्य जावें. जमलें नाहीं तर योहानाच्या शुभवर्तमानाचा तो पंधरावा अध्याय आज रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां सावकाश वाचावा, आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटून दहा मिनिटें तसेंच बसावें, एवढीच माझी विनंती आहे.